शास्त्रावर ठेवलेलं हेल्मेट

पत्र्याच्या पेटीवर लाल कापडात बांधलेलं काहीतरी होतं आणि त्यावर मी माझं हेल्मेट ठेवलं. दुसरीकडे जागाच नव्हती. दहा बाय बाराची खोली, कॉटवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, खाली चटईवर नातू अभ्यासाला बसलेला, ओट्यावर गॅस आणि हंडे-कळशा. आजी उठल्या. बोलल्या काहीच नाहीत. हेल्मेट दोन्ही हातांनी उचलून दाराशी खाली ठेवलं, लाल गाठोड्यावरून पदर फिरवला, तोच हात कपाळाला लावला आणि मग म्हणाल्या, “बसा भाऊ. चा टाकते.”

गाठोड्यात पवित्र शास्त्र होतं, हे मला चहा निम्मा झाल्यावर कळलं.

ही खोली वडप्याची. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्याला वडपे माहीत असतं ते ट्रॅफिकमुळे. माजिवड्यापासून इथवरचा सुमारे चोवीस किलोमीटरचा रस्ता रुंद करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. इथून पुढे गोंद्यापर्यंतचा चौपदरी रस्ता सुरू होतो. जवळच्या आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या सगळ्याच्या मधे आणि आजूबाजूला गोदामं आहेत. निळ्या-पांढऱ्या पत्र्याची, खिडक्या नसलेली. तुम्ही-आम्ही फोनवर बोट दाबून मागवलेली कढई, बूट, डायपर आधी इथे कुठेतरी उतरतात. ते उतरवून घ्यायला, मोजायला, परत चढवायला माणसं लागतात आणि ती माणसं बीड, जालना, नगर, यूपी, बिहार कुठूनही आलेली असतात. आजींचा मुलगा त्यांतला एक. मूळचं राहुरीकडचं घर. तो एका गोदामात माल मोजून घेतो.

मराठी ख्रिस्ती घरातल्या रोजच्या भक्तीवर लेख हवा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वसई होती, हे मला ठाऊक आहे. केळीच्या वाड्या, पांढरी चर्चं, लाल लुगडी, फोटोही झकास येतात. पण वसईत भक्तीला आधार द्यायला गाव उभं असतं. घंटा आहे, फादर आहेत, धर्मग्राम आहे, शेजारची मावशी ‘काल मिस्साला दिसली नाहीस’ म्हणून विचारणारी आहे. ज्याच्या आजूबाजूला यातलं काही नाही, रविवारीसुद्धा ज्याची शिफ्ट लागते, त्याच्या घरात देवाचा आदर कशावर तगतो, ते मला बघायचं होतं. म्हणून वडपे.

‘आदर’ हा शब्द मी लिहिला खरा, पण तो पुरत नाही. मराठी बायबलात यासाठी ‘परमेश्वराचे भय’ असे शब्द येतात. मूळ हिब्रू शब्दात भीती आणि आदर दोन्ही मिसळलेले आहेत. मराठीत ‘भय’ म्हटलं की वाघ, पोलीस, परीक्षा आठवते. ‘देवभीरू’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो ऐकला की जरासा वाकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा कारकून डोळ्यांसमोर येतो. धाक म्हणावं तर तो मास्तरांचा. दरारा इन्स्पेक्टरचा. मला विचाराल तर सगळ्यांत जवळचा शब्द ‘भीड’. भीड पडते ती ज्याच्याशी नातं आहे त्याचीच. परक्या माणसाची भीती वाटते, भीड नाही वाटत. आता ‘भीड भिकेची बहीण’ असंही आपणच म्हणून ठेवलं आहे, तेव्हा या शब्दाचा फार गौरव करायला नको. तरी आजींनी हेल्मेट उचललं ती तऱ्हा बघितली की भीड हाच शब्द ओठांवर येतो. त्यांना माझीही भीड पडली होती, म्हणून त्या बोलल्या नाहीत. शास्त्राची जास्त पडली, म्हणून गप्प बसल्याही नाहीत.

देवाविषयी मराठीत बोलायचं तर शब्द कुठले घ्यायचे, हा पेच चारशे वर्षं जुना आहे. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती मोडली होती आणि जागा रिकामी होती. स्टीफन्सने त्यांना पुराणच दिलं. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, येशूला स्वामी म्हटलं. ऐकणाऱ्याचे हात ज्या शब्दांना आपोआप जोडले जात होते, तेच शब्द त्याने उचलले. पंडिता रमाबाई नेमक्या उलट दिशेने गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने बायबल मराठीत आणलं, छपाईचं काम तिथल्याच बायकांनी केलं, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. संस्कृत पंडिता असूनही त्यांनी जड, जुन्या धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द शोधून शोधून काढून टाकले. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. स्टीफन्सला हात जोडले जायला हवे होते आणि रमाबाईंना पान उलटलं जायला. माझं मन रमाबाईंकडे झुकतं. स्टीफन्सची ओवी मात्र कानाला सोडवत नाही.

आजींच्या पेटीवरचं शास्त्र यांपैकी कुठलंच नव्हतं. साधी बायबल सोसायटीची प्रत, पाठीला खाकी चिकटपट्टी. नातवाकडे मोबाईलमध्येही शास्त्र आहे. मी आजींना विचारलं, “मग मोबाईलवर हेल्मेट ठेवलं तर चालेल का?”

“त्यात गाणीबी हायेत,” आजी म्हणाल्या. एवढंच. या उत्तराचा मी घरी येऊन बराच विचार केला. मोबाईलमध्ये शास्त्र आहे, त्याच्या शेजारी रील आहे, कर्जाचा हप्ता आहे, ठेकेदाराचा मेसेज आहे. कापडात गुंडाळलेल्या पुस्तकात दुसरं काही नाही. गाठ सोडायला दोन हात लागतात आणि गाठ सोडताना माणूस गप्प होतो.

आणि ‘पुस्तक’ हीच या घराच्या दृष्टीने साधी वस्तू नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. (आता अहिल्यानगर म्हणायचं. आजी अजून नगरच म्हणतात.) पुढे त्या जिल्ह्यात जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांत बहुसंख्य गावकुसाबाहेरची होती, महार आणि मांग. गावातलं देऊळ त्यांना लांबून दिसायचं. पोथी तर दिसायचीही नाही, ऐकू आली तर आली. त्यांच्या वस्तीत मिशनची शाळा निघाली आणि ज्याला शिवायचं नाही असं सांगितलं होतं, ते अक्षर पोराच्या हातात आलं. आजी हे असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, “आमच्या आज्यानं पयल्यांदा पुस्तक हातात धरलं ते हेच.” मग गाठोड्यावरून फिरणाऱ्या पदराचा अर्थ जरा बदलतो. पवित्र वस्तूपासून लांब राहायचं, हा आदर आपल्याकडे हजारो वर्षं शिकवला गेला आणि तो शिकवण्याचं काम बहुतेक वेळा काठीने झालं. इथे जवळ येऊ दिलं गेलं, हातात दिलं गेलं, आणि त्या नवलातून आदर आला. चार पिढ्या झाल्या, नवल अजून पुरतं ओसरलेलं नाही. ख्रिस्ती झाल्याने जात गेली असं मात्र कुणी समजू नये. चर्चच्या बाकांवरही ती येऊन बसली, लग्नं ठरवताना तर हमखास.

सोवळ्याचं आणि आदराचं हे गुंतलेलं सूत ज्यांनी स्वतःच्या हाताने सोडवलं, त्या लक्ष्मीबाई टिळक याच मुंबई-नाशिक रस्त्याच्या पुढच्या टोकाच्या. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्म. वडिलांना सोवळ्याचं वेड. वेड हा शब्द मी जपूनच वापरतो आहे. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राची सुरुवातीची पानं वाचली की त्या घरात धुण्यातून काय सुटत होतं, असा प्रश्न पडतो. लक्ष्मीबाई ते इतक्या हसत हसत सांगतात की त्यामागचा जाच आपल्याला नंतर, रात्री आठवतो. नवरा नारायण वामन टिळक, कवी, लहरी, घरात पैसा न टिकवणारा. आगगाडीत एका गोऱ्या माणसाने दिलेला नवा करार वाचता वाचता तो येशूच्या डोंगरावरल्या प्रवचनापाशी अडकला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या तरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ब्राह्मण बायकोचं सोवळं, अशी वर्षं गेली. मग हळूहळू त्यांच्या मनाने घेतलं की माणसं देवाने केली आणि जाती माणसांनी. ज्या दिवशी हे पटलं, त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा पेला, मग बाप्तिस्मा. देवाबद्दलच्या आदराची जागा त्यांनी भांड्यांतून काढून माणसांत नेली आणि ते आधी स्वयंपाकघरात घडलं.

टिळकांची तऱ्हा निराळी. तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. विलायती चालींवर बसवलेली गीतं ऐकून त्यांचा जीव गुदमरे. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली आणि मराठी चर्चमध्ये टाळ घुमवला. १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांचे अध्याय दहा-अकरा. बाकीचे साठाहून अधिक, शाळेत न गेलेल्या या बाईचे.

त्याच वाटेवरची आणखी एक गोष्ट. मार्च १८२६ मध्ये गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन मिशनरी मुंबईहून नाशिकला गेला. १८१३ पासून तो मुंबईत होता, मराठी शिकला होता, नव्या कराराच्या भाषांतरात त्याचा मोठा हात होता. नाशकात पोचला तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधं त्याने वाटून टाकली आणि परत फिरला. वाटेत एका गावी रात्र काढायला देवळाच्या पडवीत आडवा झाला. पहाटे त्यालाच पटकीने गाठलं आणि २० मार्चला दुपारपर्यंत सगळं संपलं. वय ४१. बरोबरच्या दोन पोरांनी त्याला पुरलं, पेटीशिवाय. मूर्तिपूजा खोडून काढायला आलेला माणूस, आणि शेवटचा निवारा देवळाची पडवी. गावकऱ्यांनी त्याला तिथे पडू दिलं, ही त्यांची भीड. औषधं स्वतःसाठी मागे ठेवली नाहीत, ही त्याची.

वस्तूही नाशिकच्या दिशेने गेल्या आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्याआधी त्यांनी देवीला नवस बोलला होता आणि तो फेडायला बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ वडप्याच्याच भिवंडी तालुक्यात आहे. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात पांगल्या. त्यांतली १७२१ साल कोरलेली एक नाशिकला पंचवटीत, नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. क्रुसाखाली ओतलेल्या घंटेखाली आज लोक महादेवाला हात जोडतात. मी तिच्याखाली बराच वेळ उभा राहिलो आहे. हरलेल्याची वस्तू वितळवून तोफ करता आली असती. टांगली, हे बरं केलं.

शरीराने आदर कसा दाखवायचा, यावर रोममध्येही एकदा विचार झाला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. मग २५ एप्रिल १९६९ रोजी भारतीय कॅथलिक उपासनेसाठी बारा बदलांना मान्यता मिळाली. कागद वाचताना गंमत वाटते, कारण त्यातलं बरंचसं आपल्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं. पायताणं बाहेर काढावीत. जमिनीवर बसावं. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकलं तरी चालेल. पंचांग प्रणाम चालेल. मेणबत्तीऐवजी समई चालेल. पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावावा. वडप्याच्या खोलीत आजींनी पदराचा हात कपाळाला लावला, तो हाच. आजी प्रॉटेस्टंट. व्हॅटिकनच्या परवानगीशी त्यांचा काही संबंध नाही. हा हात दोन्हीकडच्या धर्मशास्त्रांपेक्षा जुना आहे. पाय लागला तर पुस्तकाला नमस्कार करायला माझ्या आईनेही मला शिकवलं होतं. त्या दिवशी हेल्मेट ठेवताना ते कुठे गेलं होतं, कोण जाणे.

मुलगा कामावरून आला तो आठाच्या सुमारास, बुटांवर सिमेंटची धूळ. त्याच्याशी मला देवाबद्दल बोलायचं होतं. त्याला रस्त्याबद्दल बोलायचं होतं, आणि ते रास्तच होतं. रविवारच्या उपासनेला कल्याण गाठायचं तर राजनोली नाक्यापर्यंत एक वाहन, तिथून कोनमार्गे दुर्गाडीचा पूल ओलांडून दुसरं. सेलच्या दिवसांत रविवारची सुट्टी रद्द होते, मग तीन-तीन आठवडे मंडळीत तोंड दिसत नाही. सण आला की पाळकसाहेब फोन करतात.

मी विचारलं, “एखादा खोका जास्त आला, चलनावर नाही, तर?”

“लिहितो.”

“देवाच्या भीतीनं?”

तो हसला. “वर कॅमेरा आहे, साहेब. देवाला कशाला मधे आणता?”

मला हे उत्तर आवडलं. बढाई नाही, साक्ष दिल्याचा आव नाही. बायको ओट्याकडून म्हणाली, “मागं कॅमेरे आठ दिवस बंद होते की.” तो तिच्यावर किंचित वैतागला आणि म्हणाला, “बरं, बरं. भाकरी टाक.” त्या आठ दिवसांचं मी पुढे विचारलं नाही. त्याला नको होतं ते.

या घरात ‘देवाशप्पथ’ म्हणायची बंदी आहे. देवाचं नाव फुकट घ्यायचं नाही, ही दहा आज्ञांतली आज्ञा. प्रॉटेस्टंट मोजणीत तिसरी, कॅथलिक मोजणीत दुसरी. सुनेला माहेरून ‘आईशप्पथ’ची सवय, तिच्यावर तडजोड झाली आहे. अडचण नातवाची. तो दर दोन वाक्यांनी ‘ओ माय गॉड’ म्हणतो. मराठी मालिकांमध्येही म्हणतात, त्याचं काय चुकलं? आजींना इंग्रजी येत नाही, पण गॉड कळतो. त्या प्रत्येक वेळी, न चुकता, चटईवर चापट मारतात. पोरावर नाही, चटईवर. पोरगं जीभ चावतं आणि पाच मिनिटांनी पुन्हा म्हणतं.

भिंतीवर एक पाटी होती, अनेक मराठी ख्रिस्ती घरांत असते तशी: ख्रिस्त या घराचा धनी आहे आणि प्रत्येक जेवणाला न दिसणारा पाहुणा, अशा अर्थाची. लहानपणी एका ख्रिस्ती मित्राच्या घरी तशी पाटी वाचून मी घाबरलो होतो, पानात काही टाकायची सोयच उरली नव्हती. ‘देव बघतोय’ म्हणून पोरांना दटावणं सगळ्याच धर्मांत चालतं आणि मला ते कधी पटलं नाही. त्या दटावणीतून पोरगं डोळा चुकवायला तेवढं शिकतं. आजींच्या घरी पाहुण्याचा अर्थ वेगळा लावतात. पाहुणा आहे म्हणून भांडण जेवण होईपर्यंत थांबवायचं. नंतर करा. सून म्हणाली, “नंतर भांडायचा कंटाळा येतो.”

हल्ली भक्तीला स्पीकर लागतो. कुठल्याच धर्माला त्यात मागे राहायचं नाही. ख्रिस्ती मेळाव्यांतही ड्रम, कीबोर्ड, स्टेजवरून आरोळ्या, हे सगळं आलं आहे. त्यात कुणाला आधार मिळत असेल तर मी कोण बोलणारा? पण मला त्या आवाजात कुणाची भीड पडलेली दिसत नाही. माणूस देवाशी बोलताना मधे थांबत नाही, तेव्हा मला थोडी शंका येते.

साडेनऊला प्रार्थना. टीव्ही बंद झाला. मुलाने तोंड धुतलं, सुनेने डोक्यावर पदर घेतला, नातवाने वह्या सरकवल्या. आजींनी गाठ सोडली, दोन्ही हातांनी, कापडाची घडी करून मांडीवर ठेवली. वाचायचं काम नातवाचं. तो भरभर वाचत होता, शब्द गिळत होता, आजी गिळलेला शब्द हळूच मागून पुरा करत होत्या. त्यांना तो अध्याय पाठ असावा. मग सगळ्यांनी डोळे मिटले. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो, मीही मिटले.

बाहेर हायवेवर ट्रकची रांग लागली होती, एअर ब्रेकचे सुस्कारे येत होते. आजींनी आधी आजारी माणसांची नावं घेतली, गावाकडची. मग पावसाचं. मग रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या सगळ्यांचं, त्यात माझं नाव घेतलं आणि मोटरसायकलचंही. मग मुलाच्या ठेकेदाराचं, त्याला सुबुद्धी दे म्हणून, आणि त्याच सुरात, डोळे न उघडता, आवाज न बदलता, “आणि हे प्रभू, आमच्या हातून दिवसभरात जे चुकलंमाकलं, ते... सूनबाई, दूध बघ.”

सून पाय न वाजवता उठली. गॅस बंद केल्याचा टक् असा आवाज आला. ती परत येऊन बसेपर्यंत आजी थांबल्या, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू झाल्या.